आधी गुडघ्याचं बघा, मग भाताचं

गुहागर तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावातून 41 वर्षांच्या वाचक ताईंचं पत्र आलं आहे. घरात नवरा, दोन मुलं आणि 67 वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना 11 वर्षांपासून साखर आणि बीपी आहे, शिवाय दोन्ही गुडघे दुखतात. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले. डॉक्टरांनी सांगितलंय, वजन उतरवा, चाला, भात आणि मीठ कमी करा. ताई लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवतात, सासूबाई शेजारणीकडून लोणचं मागून आणतात, आणि त्यावरून रोज खटके उडतात. बरं वाटलं की बीपीची गोळी राहते, दुखण्याची गोळी मात्र मेडिकलमधून न चुकता येते. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरवत नाही म्हणून देवळातलं भजन सुटलं. मुंबईचे दीर व्हिडिओ पाठवतात की सगळ्या गोळ्या बंद करा, त्या किडनी खातात. महिन्याभरापासून ओळखीच्या कुणीतरी दिलेल्या जडीबुटीच्या पुड्या चालू आहेत आणि गुडघ्यांना एकदम आराम आहे. ताई विचारतात, "औषधांशिवाय हे आजार आटोक्यात राहतात का? राहत असतील तर सासूबाईंना ऐकायला कसं लावू? सांगून सांगून मी थकले."

ताई,

आधी त्या पुड्यांचं बघू. बाकी सगळं चार दिवस थांबेल, हे थांबायला नको.

वर्षानुवर्षं दुखणारे गुडघे पुडीने दोन दिवसांत मोकळे झाले, भूक वाढली, चेहरा भरल्यासारखा दिसू लागला, तर शंका घ्यायलाच हवी. ज्यांच्यावर ना नाव ना घटक अशा सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असल्याचं आपल्याकडे तपासणीत अनेकदा निघालेलं आहे. स्टिरॉइडने सूज आणि दुखणं झटकन उतरतं, पण साखर चढते, बीपी चढतं, हाडं ठिसूळ होतात. म्हणजे बिनऔषधी उपाय म्हणून जे घरात आलं ते औषधच असू शकतं, आणि तेही कुणी न मोजलेलं. मात्र हे वाचून पुड्या लगेच चुलीत टाकू नका. महिनाभर स्टिरॉइड पोटात गेलं असेल तर शरीर आपलं स्वतःचं तयार करणं कमी करतं, आणि एकाएकी बंद केलं की माणूस गळून जातो, चक्कर येते, बीपी खाली जातं. उरलेली पुडी बरोबर घेऊन उद्या-परवाच डॉक्टरांकडे जा, साखर तपासून घ्या, पुडी कशी थांबवायची ते त्यांना ठरवू द्या. रागावतील म्हणून लपवू नका. अशा पुड्या त्यांच्याकडे काही पहिल्यांदा येणार नाहीत.

आता तुमचा पहिला प्रश्न. दिरांच्या व्हिडिओंमध्ये एक गोष्ट खरी असते आणि तिच्या आडून दुसरी खपवलेली असते. खरी अशी, की खाणं, चालणं आणि वजन यांचा साखरेवर होणारा परिणाम गोळीच्या तोडीचा असू शकतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाचा 2006 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. मधुमेह अजून झालेला नाही, पण साखर वाढू लागली आहे अशी माणसं त्यांनी घेतली. आहार आणि चालणं सांभाळणाऱ्यांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण साधारण 28 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्यांमध्ये साधारण 26 टक्क्यांनी. पण ही सगळी अजून उंबरठ्यावरची माणसं. सासूबाईंना तो ओलांडून 11 वर्षं झाली. त्यांच्या बाबतीत चालणं आणि जेवण गोळीच्या जोडीला काम करणार, गोळीच्या जागी नाही. पुढेमागे गोळी कमी होऊही शकते, पण ती आकडे बघून डॉक्टर कमी करतील. तो अभ्यास खरा लागू पडतो तो तुमच्या यजमानांना आणि मुंबईच्या दिरांना. आईला साखर आहे, दोघांची तिशी कधीच उलटून गेली आहे. गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, तिशीच्या पुढच्या सगळ्यांची साखर आणि बीपी फुकट तपासतात. आशाताईंना सांगून यजमानांना घेऊन जा, स्वतःचंही तपासून घ्या. दिरांना हवं तर व्हिडिओच्या उत्तरादाखल एवढंच विचारा: तुमची साखर शेवटची कधी बघितलीत?

गोळ्या किडनी खातात हेही असंच अर्धं खरं आहे. किडनी बिघडवतात त्या आटोक्याबाहेरची साखर आणि बीपी, म्हणजे ज्या गोळ्या दीर बंद करायला सांगतात त्या बऱ्याच अंशी किडनी राखायलाच असतात. भीती बाळगावी अशी गोळी घरात आहे, पण ती दुसरीच. मेडिकलमधून रोज येणारी दुखण्याची गोळी. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढतं, अंगात पाणी साठतं आणि मधुमेही माणसाच्या किडनीवर ताण येतो. पाकीट डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांच्या कागदावर ती गोळी नसेल, तर त्यांना तिचा पत्ताच नाही आणि ते बिचारे बीपीची गोळी वाढवत बसतील.

इथेच मला तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं अडखळायला होतं. ऐकायला कसं लावू, असं तुम्ही विचारता. ऐकायचं नेमकं काय? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात डॉक्टरांना काय हवंय ते आहे, दिरांना काय हवंय ते आहे, तुम्हाला काय हवंय तेही आहे. सासूबाईंना काय हवंय हे फक्त एका ओळीत, तेही ओघात आलंय: पाखाडी उतरवत नाही म्हणून भजन सुटलं.

बीपी दुखत नाही. साखरही, फार वाढल्याशिवाय, दुखत नाही. गुडघा दुखतो, रात्री कूस बदलताना दुखतो. जे दुखत नाही त्याच्यासाठी जिभेला आवर घाल, असं आपण त्यांना सांगतो आणि जे दुखतं त्यासाठी मेडिकलची गोळी घे म्हणून सोडून देतो. मग बरं वाटलं की बीपीची गोळी राहणारच. तुमच्याच घरात असं होतंय असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा 2003 चा अहवाल सांगतो की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे जेमतेम निम्मे रोगी उपचार सांगितल्याप्रमाणे घेतात.

आणि ती बरणी. ज्या बाईने या घरात इतकी वर्षं आमटीत मीठ किती पडायचं ते ठरवलं, तिच्यापासून तिनेच घातलेलं लोणचं लपवायचं, तेही नेमकं गुडघ्यांमुळे जिथे हात पोचणार नाही अशा फळीवर. तुमचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही. पण त्या शेजारी जातात ते लोणच्याच्या चवीसाठी की कुणाला विचारावं न लागता एक फोड खाता यावी म्हणून, याचा विचार करून बघा. बरणी खाली आणा.

माझं सांगणं एवढंच आहे की सुरुवात भातापासून नको, गुडघ्यापासून करा. तीन आजार आहेत, पण गाठ एकाच ठिकाणी बसलीय. गुडघा दुखतो म्हणून चालणं नाही, चालणं नाही म्हणून वजन आणि साखर वाढते. गुडघा दुखतो म्हणून ती गोळी, गोळीने बीपी. रात्री झोप नाही, त्याने पुन्हा साखर आणि बीपी दोन्ही. वजनाचं म्हणाल तर 1 किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोंनी हलका होतो असं मोजून पाहिलेलं आहे. त्यामुळे पंधरा किलो उतरवायचेत म्हणून घाबरायचं कारण नाही. दोन-तीन उतरले तरी पाखाडीवर कळतं.

झिजलेल्या गुडघ्याला विश्रांती लागते असं आपल्याला वाटतं. झिजेच्या दुखण्यात उलट आहे. मांडीचा पुढचा स्नायू गुडघा सांभाळतो, तो बसून बसून वाळला की सगळा भार सांध्यावर येतो. सकाळी खाटेवरून उठायच्या आधी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने खाली दाबायची, मनात पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. दहा वेळा एक पाय, दहा वेळा दुसरा. हे जमू लागलं की खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं आणि सावकाश बसायचं, सुरुवातीला चार-पाच वेळा. खुर्ची भिंतीला टेकवलेली असू दे, आणि प्लॅस्टिकची हलकी नको. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं, बंद करायचं नाही. सांधा लाल-गरम होऊन सुजला, ताप आला किंवा पाय टेकताच येईना, तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे. एकदा फिजिओथेरपिस्टकडून सगळं नीट शिकून घेतलं तर फारच बरं.

"त्या दिवसभर राबतात, तोच व्यायाम नव्हे का" असं पुष्कळ जण लिहितात. आगरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, उकिडवं बसून सुपाऱ्या वेचणं, वाकून पातेरा गोळा करणं, विळीवर बसून नारळ खवणं यात कष्ट आहेत, पण झिजलेल्या गुडघ्याला उकिडवं बसणं म्हणजे जाच. काम काढून घेऊ नका, जागा बदला. विळी ओट्यावर किंवा उंच स्टुलावर घ्या, सुपाऱ्या वेचायला बुटका पाट नको, खुर्चीच्या उंचीचं काहीतरी हवं. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. दिरांना काही पाठवायचंच असेल तर व्हिडिओऐवजी ती पाठवू दे.

पाखाडी चढताना आधी बरा पाय वर टाकायचा, उतरताना आधी दुखरा पाय खाली. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. दोन्ही गुडघे दुखतात तेव्हा जास्त दुखणारा तो दुखरा धरायचा. आमच्याकडच्या जांभ्याच्या पायऱ्या पावसात शेवाळतात, त्या दिवसांत हा उद्योग नकोच. पहिला आठवडा त्यांनी सगळी पाखाडी उतरायची गरज नाही. पहिल्या वळणापर्यंत जाऊन परत आल्या तरी झालं. कुठवर जायचं ते त्यांनी ठरवायचं. मग विचारा, हे आठवडाभर जमेल याची दहापैकी किती खात्री? पाच म्हणाल्या तर बेत मोठा झाला, लहान करा. सात-आठ म्हणाल्या की ठीक. ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डला केट लोरिग यांनी दीर्घ आजाराच्या रोग्यांसाठी वर्ग सुरू केले, त्यातली ती आहे. त्या वर्गांची गंमत अशी की शिकवणारी माणसं डॉक्टर नसत, स्वतः तसलाच आजार घेऊन जगणारी असत.

तुमच्या वाडीत बचत गट असेलच. त्यात बीपी-साखर किती जणींना आहे ते विचारून बघा, निम्म्या निघाल्या तरी मला नवल वाटणार नाही. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास याच गोष्टींचा काढता येईल. या आठवड्यात कोण किती चाललं, कुणाला काय जमलं नाही, कुणी गोळी का सोडली. सासूबाईंना तिथे नुसती रोगी म्हणून नेऊ नका. वर्षानुवर्षं गोळ्या घेतलेली बाई म्हणून त्यांना नव्या पोरींना सांगण्यासारखं पुष्कळ असेल. सुनेने दिलेला सल्ला आणि समवयस्क मैत्रिणीने दिलेला सल्ला यातला फरक तुम्हाला मी काय सांगायचा!

गुडघा थोडा वळणावर आला की मिठाकडे वळा, तेही सगळ्या घराचं, एकट्या सासूबाईंचं नाही. त्यांच्यासाठी वेगळी अळणी आमटी काढली की भांडण नक्की. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, सपाट चमचाभर. तुमची पाच माणसं, म्हणजे 25 ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी निदान 40 दिवस जायला हवी. नवी पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा. आणि 40 दिवसांवर गेली तरी खूश होऊ नका, कारण लोणचं, पापड, खारातल्या कैऱ्या, सांडगी मिरची आणि सुकी मासळी यांच्यातलं मीठ त्या पिशवीत मोजलेलंच नाही.

आपल्याकडे खरी मेख सुक्या मासळीत आहे. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा सगळी भिस्त तिच्यावर. खारवलेला बांगडा आणि नुसता उन्हात वाळवलेला बोंबील यांत पुष्कळ फरक असतो, बाजारात घेताना मीठ लावलंय का विचारून घ्या. खारा असेल तर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेका आणि कालवणात वरून मीठ घालू नका. सोलकढीचंही तसंच. कोकमाचं आगळ मिठातलंच असतं, तरी आपण सवयीने चिमूट टाकतो. कोकम, लिंबू, तिरफळ, ओली मिरची यांनी चव राखता येते, आणि मीठ हळूहळू उतरवलं तर काही आठवड्यांत जिभेला कळेनासं होतं. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. बीपीच्या काही गोळ्यांबरोबर आणि किडनी नाजूक असेल तर ते चालत नाही. विचारल्याशिवाय आणू नका. रोज शहाळं पिण्याचा उत्साहही त्याच कारणाने आवरा.

भाताचं थोडक्यात. कोकणात राहून भात बंद हे चालणारं पथ्य नाही, आणि त्याची गरजही नाही. ताटाचा अर्धा भाग भाजी, पाव भाग भात किंवा भाकरी, पाव भाग मासा, उसळ किंवा कुळथाचं पिठलं. आधी भाजी आणि मासा, भात मागाहून. सकाळची पेज नुसती नको, बरोबर उसळ हवी. पावसात टाकळा, भारंगी, फोडशी, अळू परसात आणि रानात फुकट असताना भाजीचं रडगाणं कशाला? नाचणीबद्दल मात्र उगाच भक्तिभाव नको. भाकरी ठीक, पण वाटीमागून वाटी पातळ आंबील प्यायली तर साखर चढतेच. आंबा जेवणावर नाही, मधल्या वेळी, आणि फोडी मोजून. जेवणानंतर दहा मिनिटं ओटीवर किंवा अंगणात फेऱ्या मारल्या तर साखरेला त्याचा चांगला उपयोग होतो. पाऊस असला तर पडवी आहेच.

एक सावधगिरी. खाणं कमी झालं आणि चालणं वाढलं की साखरेच्या काही गोळ्या भारी पडू लागतात. अंग थरथरणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ असं झालं तर साखर उतरली समजून तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि डॉक्टरांना कळवा. चतुर्थी-एकादशीला गोळी कशी घ्यायची हेही आधीच विचारून ठेवा. पायांकडे रोज रात्री एक नजर असू दे. आगरात अनवाणी नाही, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, आणि गुडघे-पाय शेकताना पाण्याचा अंदाज त्यांच्या तळपायाने नाही, तुमच्या कोपराने घ्यायचा. साखरेने तळपाय बधिर झालेले असले तर भाजलेलं कळत नाही.

सासरे गेले त्याचा पत्रात तुम्ही उल्लेख करून पुढे गेलात. मला तिथे थांबावंसं वाटतं. झोप नाही, भजन नाही, गोळी घ्यायचं मन नाही, हे सगळं गुडघ्याच्या माथी मारता येणार नाही. त्यांच्याशी कधी सासऱ्यांबद्दल बोलता का? पथ्याबद्दल बोलता त्याच्या चौथाई तरी? उदासी हटतच नसेल तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठी फोनवर सल्ला देणाऱ्या सेवेचा, सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि तुम्ही. घरचं, मुलांचं बघून वर पहाऱ्याचं कामही तुमच्याकडे आलंय, नवरा आणि दीर सूचनांपुरते. सकाळची गोळी आणि आठवड्याचं बीपी हे यजमानांच्या अंगावर टाका. आई त्यांची आहे. बीपी मोजताना पाखाडी चढून आल्याबरोबर मशीन लावायचं नाही. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसू दे, पाय जमिनीवर, हात टेबलावर, बोलणं बंद, अर्धा तास आधी चहाही नाही. आकडा कॅलेंडरवर लिहायचा. दिरांनी संध्याकाळी अंगणातल्या फेऱ्यांच्या वेळी आईला फोन करावा आणि औषधांवर एक अक्षर बोलू नये.

डॉक्टरांकडे जाताना उरलेली पुडी, दुखण्याच्या गोळीचं पाकीट, कॅलेंडरचा कागद आणि सगळ्या चालू गोळ्या एका पिशवीत घाला. प्रश्न हवे तर तुम्ही लिहून द्या, पण खुर्चीत सासूबाई बसू देत आणि विचारू देत त्याच. पहिला प्रश्न त्यांना हवा तो: भजनाला पुन्हा जाता येईल का, आणि त्यासाठी काय करू?